तोवर भाकर खा

घाटंजीत तिला सगळे ‘मिशनवाली’ म्हणत. मी मावशी म्हणत असे. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिच्याविषयी कुणाला सांगायला बसले की सुरुवात बुटांपासून होते, कारण रस्त्याने ती येताना आधी बूटच दिसत. पांढरं पातळ, डोक्यावर पदर आणि खाली जाड तळव्यांचे काळे पुरुषी बूट. तिचा नवरा सुवार्तिक होता. पायी खेडोपाडी हिंडून तो येशूची गोष्ट सांगत असे. तो वारल्यावर तिने ते बूट पुढून कापूस कोंबून स्वतः घालायला सुरुवात केली. कुणी हसलं तर म्हणायची, “मानूस गेला, बुटायचं चालनं बाकी राह्यलं होतं.”

मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून मी घाटंजीला आले तेव्हा आमचा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. गावात एकट्या मुलीला खोली मिळेना. शेवटी हिची मिळाली. वडील मला पोचवायला आले होते. ख्रिस्त्यांच्या घरी मुलगी ठेवायची या विचाराने ते अंगणातच घुटमळले. ती चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, “बाबूजी, तुमची पोरगी तिच्या देवाच्या पाया पडन, मी माह्या देवासंगं बोलीन. मधात भिंत हाय.” वडील हसले आणि त्यांनी ट्रंक आत ठेवली.

भिंत होती, पण कुडाची. पलीकडचा शब्दन् शब्द ऐकू येई. त्यामुळे तिचं देवाशी बोलणं म्हणजे काय, हे मला दुसऱ्याच दिवशी सकाळी कळलं. भाकरी थापता थापता ती बोलत होती, आणि मला वाटलं घरात कुणी पाहुणा आला आहे.

“हे पाह्य प्रभू, तू म्हनला सगळ्यायले माफ कर. मी केलं. पन त्या शेजारनीनं आजही माह्या दारात खरकटं पानी फेकलं. आता तूच सांग.” मग थोडा वेळ नुसता भाकरी थापल्याचा आवाज. मग, “बरं. पन उद्या फेकलं तर मी तिच्यासंगं बोलीन, हे तुले आधीच सांगून ठेवते.”

प्रार्थनेला ती डोळे मिटत नसे. मी एकदा विचारलं तेव्हा तिला माझ्याच प्रश्नाचं नवल वाटलं. “समोरच्या मानसासंगं बोलताना डोये मिटतो का आपन?” बाजारामागच्या टिनाच्या प्रार्थनामंदिरात पाद्रीसाहेब लांबलचक प्रार्थना करू लागले की ती खाकरायची. देवाला ज्या गोष्टी आधीच ठाऊक आहेत त्या त्याला पुन्हा सांगून त्याचा वेळ कशाला घ्यायचा, असं तिचं म्हणणं. पाद्रीसाहेब भले होते. ते तिला थोडे भीत, आणि आजारपण, बाळंतपण, मयत असलं की पहिला निरोप तिलाच धाडत.

तिचा मुलगा शमुवेल. ती त्याला शमू म्हणे. बापाच्या मागं त्याने पाद्री व्हावं ही तिची इच्छा होती. त्याला प्रवचनापेक्षा पहार आवडली. अंगाने दणकट आणि तोंडाने फटकळ असा तो मुलगा आईशी भांडून राजूरकडे कोळशाच्या खाणीत कामाला गेला. सणाला येई. आला की अंगणातल्या लिंबाखाली बाज टाकून आडवा होई आणि आईला खाणीतल्या गोष्टी सांगे. जमिनीच्या पोटात दिवसाही कसा अंधार असतो, कंदील विझला तर स्वतःचा हातही कसा दिसत नाही. ती ऐकून घेई आणि म्हणे, “मंग तिथं प्रार्थना लवकर पोचत असन. मधात कोनी येत नाही.” तो हसायचा.

बातमी आली ती उतरत्या दुपारी. मी नुकतीच शाळेतून आले होते. शमूबरोबर काम करणारा एक माणूस वणीहून मोटारीने आला होता. दारातच उभा राहिला. सुरुंगाचा बार लावला होता, तो फुटला नाही म्हणून शमू पाहायला गेला आणि तेवढ्यात तो फुटला, एवढं त्याने एका दमात सांगितलं.

मावशी चुलीपुढं होती. तिने मान वर केली. “जिता हाय?”

“हाय.”

“हातपाय?”

“हायत. पन डोये...” त्याने खांद्यावरच्या फडक्याने तोंड पुसलं. “नागपूरले नेलं हाय. डाक्टर म्हनते, डोये गेले. दोनी.”

तव्यावर भाकर होती. ती करपायला लागली तशी तिने ती उलटली, निखाऱ्यावर शेकली, झाडली, आणि ताटात घालून त्या माणसापुढं ठेवली. “लांबून आला बाबू. खाऊन घे.” तो जेवेपर्यंत ती समोर बसून राहिली. मग उठून बूट घातले आणि त्याच्याबरोबर निघाली. त्या वेळी ती देवाशी एक शब्दही बोलली नाही, हे माझ्या लक्षात राहिलं.

पावसाळा सरताना ती शमूला घेऊन परतली. तो काळा चष्मा लावून होता आणि चेहऱ्यावर बारीक निळे डाग होते, कोळशाचे, कातडीत कायमचे रुतलेले. आल्या आल्या तो आतल्या खोलीत बाजेवर भिंतीकडे तोंड करून निजला. तिथून तो उठेना. अंगावर जाणारा माणूस होता तो, पण आता कुणाच्या अंगावर जायचं हेच त्याला दिसत नव्हतं.

गाव भेटायला आलं. हिंदू, मुसलमान, प्रार्थनामंदिरातले लोक, सगळे. बसायचे, उसासा टाकायचे आणि म्हणायचे, देवाची मर्जी. मावशीने पहिल्या दिवशी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने मंदिरातल्याच एका बाईला मध्येच थांबवलं.

“माह्या घरात असं म्हनू नोका. त्याची मर्जी होती का नाही, हे अजून मले मालूम नाही. मी त्याले विचारून राह्यली. झालं ते त्यानं केलं असं मी म्हनत नाही. पन आता जे कराचं हाय ते त्याच्यासंगंच कराचं हाय, एवढंच मले मालूम हाय.”

बाई दुखावून गेली. मिशनवालीचं डोकं फिरलं, असं पहिल्यांदा तेव्हा गावात बोललं गेलं.

भिंतीपलीकडून सकाळचं बोलणं पुन्हा ऐकू येऊ लागलं होतं. पण आता त्यात मध्येच शमूचा आवाज यायचा. एका सकाळी ताट आपटल्याचा आवाज झाला आणि तो ओरडला, “तुह्या येशूनं आंधयायचे डोये उघडले होते ना? मंग सांग त्याले.”

 पलीकडे सांडलेलं गोळा केल्याचा आवाज झाला. मग मावशीचा आवाज आला, अगदी साधा.

“सांगतलं. रोज सांगून राह्यली. अजून त्यानं काही केलं नाही. तोवर भाकर खा.”

ताट पुन्हा वाढल्याचा आवाज मी ऐकला. त्याने खाल्लं की नाही ते मला कळलं नाही.

त्याच सुमारास नागपूरकडून एक उपदेशक आले. त्यांच्या प्रार्थनेने आजार बरे होतात अशी ख्याती होती. मंदिरातल्या लोकांनी त्यांना हौसेने मावशीकडे आणलं. अंगण भरलं. शमूला बाहेर आणून बसवलं. तो आला, याचंच मला आश्चर्य वाटलं. तो आईला दाखवण्यापुरता आला नव्हता; त्याच्याही मनात कुठेतरी एक फट उघडी असली पाहिजे. उपदेशकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि घाम फुटेपर्यंत प्रार्थना केली. मग चष्मा काढायला लावला.

“काय दिसतं?”

“काही नाही.”

त्यांनी पुन्हा प्रार्थना केली. पुन्हा विचारलं. शमूने यावेळी चाचपून चष्मा उचलला आणि पुन्हा डोळ्यांवर लावला. 

उपदेशक मागं सरले आणि दुःखाने म्हणाले, “या घरात विश्वास कमी पडतो आहे.”

अंगणातली सगळी तोंडं मावशीकडे वळली. ती चहाचा पेला घेऊन उभी होती. ती म्हणाली, “असन कमी. डब्यात पीठ कमी असलं तरी तेवढ्याच्याच भाकरी थापतो ना आपन? जेवढा हाय तेवढ्यावर आमचं चालून राह्यलं. चहा घ्या साहेब, थंडा होऊन राह्यला.”

तिने पेला त्यांच्या हातात दिला आणि शमूला दंडाला धरून आत नेलं. माणसं पांगल्यावर मी तिच्या दारात गेले, तर ती नवऱ्याचा जुना कोट उगाच घडी करत बसली होती. घडी घालायची, मोडायची, पुन्हा घालायची. मी हाक न मारता परत आले.

त्यानंतर काही दिवसांनी मी एका सकाळी विस्तव मागायला तिच्याकडे गेले आणि उंबऱ्यातच थांबले. ती चुलीपुढं बसली होती आणि तिच्या डोळ्यांवर काळ्या फडक्याची घट्ट पट्टी होती. हाताने चाचपत ती पीठ मळत होती. मनगटावर ताजा भाजल्याचा चट्टा होता.

“मावशी, हे काय?”

“पाहून राह्यली.”

“पट्टी बांधून?”

“हो. त्याले कसं दिसते ते.” ती हलक्या आवाजात बोलत होती, आतल्या खोलीत जाऊ नये म्हणून. “मी त्याले रोज म्हनते, ऊठ, चाल. पन कसं चालाचं हे मले कुठं मालूम हाय? प्रभू वर बसून सांगत नाही राह्यला, बाई. खाली आला. आपल्यासारखं अंग घेतलं, उपाशी राह्यला, मार खाल्ला. तवा त्यानं मानसाले ऊठ म्हनलं. मंग मी कायले वरून सांगू?”

मी तिथेच बसले. मला माझ्या देवघरातल्या देवांविषयी पुष्कळ ठाऊक होतं, पण देवाचं असं ऐकून कुणी सकाळच्या कामाला लागतं, हे मी पाहिलं नव्हतं.

घरात सराव झाल्यावर ती अंगणात उतरली. मग विहिरीपर्यंत. दोनदा मेखेला अडखळून पडली. शेजारीण, तीच पाणी फेकणारी, कुंपणापाशी येऊन बघत राहायची. एक दिवस तिने स्वतःच्या दारापुढचे दगड उचलून बाजूला लावले. 

शमूला हे माहीत नव्हतं. मी सांगावं की नाही ते मला समजेना. शेवटी बाजाराच्या दिवशी सगळ्या गावाला समजलं.

त्या दिवशी मावशी पट्टी बांधून, हातात काठी आणि खांद्याला पिशवी घेऊन आठवडी बाजाराला निघाली. मी सोबत येते म्हणाले. “मांगं मांगं या. हात लावू नोका. मी मेली तरच हात लावा.” मी मागून चालत राहिले. रस्त्याने पोट्टे मागं लागले, कुणी शिट्ट्या मारल्या. दुकानातून एक जण म्हणाला, पोराचे डोये गेले अन् म्हातारीचं डोकं गेलं. ती ऐकत होती, पण चालणं थांबवत नव्हती. नाल्यावरच्या अरुंद फरशीपाशी ती काठीने दोन्हीकडे चाचपून पाहू लागली. काठ सापडेना. मग ती खाली बसली आणि बसल्या बसल्या सरकत पलीकडे गेली. अंगावरचं पातळ चिखलाने भरलं. माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

बाजारात ती वांग्यांच्या ढिगावर आदळली आणि गुडघ्यावर पडली. वांगी विकणारी तांड्यावरची बंजारीण होती. ती आधी तडकली, मग तिने ती पट्टी पाहिली, उठली, आणि मावशीला काखेत धरून उभं केलं. “याडी, काहून असं करतं?” याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. मावशी म्हणाली, “पोरगा आंधया झाला वो. त्याच्यासाठी वाट पाठ करून राह्यली.” बंजारणीने तिचं गुडघ्यावरचं रक्त स्वतःच्या ओढणीने पुसलं आणि पिशवीत वांगी भरली. आजूबाजूच्या शिट्ट्या कधी थांबल्या ते मला कळलं नाही.

घरी येऊन मावशी शमूच्या बाजेशी जमिनीवर बसली. पट्टी तशीच होती. त्याची पाठ तिच्याकडे होती. ती सांगू लागली. पहिले मिरचीचा ठसका लागतो, तिथून डाव्या हाताला वळलं की चामड्याचा वास, त्याच्या पुढं बैलांच्या घंटा, घंटा उजवीकडे ठेवायच्या म्हणजे भाजी सापडते. घराजवळच्या चक्कीचा आवाज बाजारापर्यंत येतो, परतताना त्याच्याकडे तोंड ठेवायचं. ती सगळं सांगत गेली.  मी दारात उभी होते.

खूप वेळाने तो भिंतीशीच बोलल्यासारखा म्हणाला, “फरशीवर काय केलं?”

“बसली. अन् बसल्या बसल्या सरकली.”

“सगळ्या गावासमोर?”

“मले कुठं गाव दिसत होतं?”

तो कुशीवर वळला. त्याने हात पुढं करून तिचा चेहरा चाचपला, आणि बोटं पट्टीवर आली तिथे थांबली. पट्टी पूर्ण ओली होती. त्याच्या तोंडून हसल्यासारखा एक आवाज निघाला आणि मग तो रडायला लागला, लहान मूल रडतं तसा, तोंड उघडून. डोळे गेल्यापासून तो रडला नव्हता. मी माझ्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

पुढच्या बाजाराला दोघं निघाले. ती पट्टी बांधून पुढं, तो तिच्या खांद्यावर हात ठेवून मागं. पाद्रीसाहेबांना राहवलं नाही. आंधळ्याने आंधळ्याला नेलं तर दोघंही खड्ड्यात पडतात, हे प्रभूनेच सांगून ठेवलं आहे, याची त्यांनी तिला हळूच आठवण करून दिली. ती म्हणाली, “पडू की. दोघं एकाच खड्ड्यात असलो तर एकमेकाले उठवाले सोपं.”  पाद्रीसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली आणि त्या दोघांच्या मागून बाजारापर्यंत चालत गेले.

म्हणून सगळं सुरळीत झालं असं नाही. शमू बाजारातून आला की पुन्हा दोन-तीन दिवस बाजेवर. जगून करू काय, हा त्याचा प्रश्न होता. एका दुपारी मावशीने त्याला विहिरीवर आंघोळीला धाडलं आणि तेवढ्यात त्याच्या बाजेची दोरी सोडून टाकली. अंबाडीची दोरी, सगळी उकलून तिने तिचं भेंडोळं केलं. तो परत येऊन सवयीने बसायला गेला आणि रिकाम्या चौकटीतून जमिनीवर आदळला.

तो भयंकर चिडला. तिने भेंडोळं त्याच्या मांडीवर टाकलं. “बापानं तुले विनाले शिकवलं होतं. तवा तू डोये मिटून विनून दाखवत होता, मले चांगलं आठवते. निजाचं असन तर विन.”

तीन रात्री तो जमिनीवर निजला. हट्टी होता, आईवरच गेला होता. चौथ्या दिवशी मला शाळेतून येताना दोरी ओढल्याचा करकर आवाज ऐकू आला. चुकत होता, शिव्या देत होता, उकलत होता. ती बाहेर तूर निवडत होती आणि त्या शिव्या कानावर पडत असताना देवाला सांगत होती, “त्याच्या तोंडाकडे पाहू नोको, हाताकडे पाह्य.”

ती बाज तिरपी झाली. दुसरी सरळ झाली. मग शेजारणीने तिची आणून टाकली. गावात बाजा काही कमी नव्हत्या आणि दोऱ्या तुटतच असतात. वर्ष-दीड वर्षात शमूला आसपासच्या गावांतून बोलावणी येऊ लागली. आधी कुणीतरी सोबत जाई. मग तो म्हणाला, मी एकटा जाईन. त्या दिवशी मावशीने पट्टी सोडून ठेवली, आणि मी तिच्या डोळ्यांवर ती पुन्हा पाहिली नाही.

माझी बदली नेरला झाली. निघण्याच्या दिवशी ती मला मोटार-अड्ड्यावर पोचवायला आली. शमू पारवा गावी कामाला गेला होता. मोटारीला उशीर होता. आम्ही वळकटीवर बसलो. जायच्या वेळी माणूस जे विचारायचं राहिलेलं असतं ते विचारतो, तसं मी विचारलं, “मावशी, इतकं सगळं झालं, पण नागपूरहून आल्यावर तुमची प्रार्थना एक दिवसही सुटली नाही. कसं जमलं तुम्हाला? माझ्याच्याने नसतं झालं.”

ती रस्त्याकडे पाहत होती. “सुटली होती, पोरी,” ती म्हणाली. मला पोरी ती पहिल्यांदाच म्हणत होती. “तो मानूस निरोप घेऊन आला ना, त्या दिवशीपासून आत काहीच नव्हतं. कोरडी ठन्न विहीर. देव हाय का नाही हेबी मले कळत नव्हतं. मी बोलत होती ते शमूनं आयकावं म्हनून. आई बोलनं बंद करन तर पोरगं म्हनन, आता खरंच सगळं संपलं. म्हनून रोज सकाळी तोंड उघडत होती.”

“मग?”

“मंग काय. बोलता बोलता एक दिवस वाटलं, पलीकडे कोनीतरी आयकून राह्यलं. शमू तर विहिरीवर होता.” ती थोडी हसली. “रोज नाही वाटत. आजबी रोज नाही वाटत. पन बोलते.”

मोटार आली, धूळ उडवत. तीच पारव्याकडून येणारी होती. माणसं उतरू लागली आणि त्यांत शमू होता, हातात काठी, खांद्यावर दोरीचं वेटोळं. मी मावशीकडे पाहिलं. ती हाक मारील असं मला वाटलं. ती उठून उभी राहिली, पण बोलली नाही.

शमूने जमिनीवर पाय टेकवला, जरा थांबला, मान कलती करून चक्कीचा आवाज शोधला. मग तो आमच्याकडेच चालत आला. हात लांब केला असता तर त्याच्या सदऱ्याला लागला असता, इतक्या जवळून तो गेला.  मावशीने एक हात तोंडावर धरला होता आणि दुसऱ्याने माझं मनगट आवळलं होतं. तो आम्हाला ओलांडून पुढं गेला, वळणावर काठीने फरशीचा काठ ठोकून पाहिला, आणि उभ्यानेच नाला पार करून घराच्या वाटेला लागला.

तो दिसेनासा होईपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. तिचे डोळे उघडे होते आणि ओठ हलत होते. काय म्हणत होती ते मोटारीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.